रहांगडाले सरांची चार मिनिटं

रहांगडाले सरांच्या शर्टाला दोनच बटणं असायची. एक गळ्याखाली, एक पोटावर. बाकीची ते नवा शर्ट आणल्याच्या दिवशीच कात्रीने कापत आणि एका डबीत टाकून ठेवत. कोणी विचारलंच तर म्हणत, "दोन बटनांत शर्ट बंद होते. मंग बाकीची पाच रोज सकारी लावाची अन संध्याकारी काढाची, कायले?" वारं सुटलं की त्या दोन बटणांच्या फटीतून सरांचं बनियन अख्ख्या तिरोड्याला दिसायचं. सर मात्र सायकलवर ताठ बसून, आज सकाळी आपण किती वेळ वाचवला या समाधानात निघून जायचे.

सर संगणक शिकवायचे. बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'संगणक' एवढंच लिहिलेलं. 'वर्ग' हा शब्द त्यांनी पेंटरला लिहूच दिला नव्हता, कारण जिना चढून आलं की वर्ग आहे हे दिसतंच. त्यामुळे महिन्यातून एखादा तरी माणूस संगणक विकत घ्यायला म्हणून वर यायचा, आणि इथे संगणक विकत मिळत नाही हे सर त्याला दहा-पंधरा मिनिटं समजावून सांगायचे. एक शब्द वाचवण्यासाठी त्यांनी त्या जिन्यावर किती शब्द खर्च केले असतील, हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

बारावी होऊन मी घरी बसले होते, तेव्हा आईने मला तिथे घातलं. आठ संगणक, आठ विद्यार्थी. नावं लांब असतात म्हणून सर आम्हाला नंबराने हाक मारत, आणि यंत्र शून्यापासून मोजतं म्हणून तेही शून्यापासून मोजत. मी शेवटच्या खुर्चीवर, म्हणून सात. पहिल्या खुर्चीवर एका राइस मिलवाल्याचा मुलगा होता. आठवड्याभरात त्याचे वडील धापा टाकत जिना चढून आले.

"मास्तर, मेरे लड़के को जीरो बोलते हो?"

"पह्यला तोच आहे जी," सर म्हणाले. "मोजनी शून्यापासून."

"और लास्ट कौन?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ते. सात."

मिलवाल्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान डोलावली आणि खूश होऊन गेले. पुढे कित्येक महिने ते बाजारात सांगत होते की हमारा लड़का पूरे क्लास में जीरो है.

पहिल्या दिवशी सरांनी संगणक चालूच केला नाही. एका परातीत त्यांनी तांदूळ आणले होते. त्यात खडे, कणी, तूस, काय म्हणाल ते. "निवडा," म्हणाले, आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. आम्ही आठही जणं तांदळाच्या मुलखात वाढलेलो, पण संगणक शिकायला आलो म्हणून डोकं घरी ठेवलं होतं. परातीभोवती बसून आम्ही एकेक दाणा डोळ्यापाशी धरून तपासायला लागलो. अर्ध्या तासाने सर वळले.

"तुमची माय असेच निवडते का तांदूर?"

मग त्यांनी पिशवीतून चाळणी काढली, तिच्यामागून सूप काढलं. "आधी चारनी. मोठं ते गेलं. मंग सूप. हलकं ते गेलं. आता जे उरलं, तेवढंच डोऱ्यानं पाहाचं. डोरा महाग असते. तो शेवटी वापराचा."

झालं. पुढे वर्षभर त्यांनी जे काही शिकवलं ते त्या परातीतलंच होतं. मी आज पुण्यात एका कंपनीत याच कामाचा पगार घेते, आणि मोठमोठ्या मिटिंगांमध्ये कोणी मोठमोठे शब्द वापरायला लागलं की मला ते सूप आठवतं आणि हसू आवरणं कठीण होतं.

सरांच्या घरची शेती चोरखमाऱ्याच्या तलावाखाली. रोवणीच्या आधी त्यांची आई पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या शेताच्या बांधीत अशा बेताने टाकून ठेवायची, की रोवणाऱ्या बायांना पेंढी घ्यायला एकदाही चिखलातून मागे जावं लागू नये. सर म्हणत, आपण जे करतो ते आईचंच काम आहे, फक्त पाय कोरडे राहतात.

त्यांचा स्वतःचा संगणक कोपऱ्यात होता. त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. चालू केला की घरघंटीसारखा आवाज यायचा आणि खालचा झेरॉक्सवाला काठीने छत ठोकायचा. "सर, आता मशिनी लय फास्ट झाल्या, नवीन घ्या," असं कोणी म्हटलं की सर चिडत नसत, पण त्या माणसाकडे आजारी असल्यासारखं पाहत. "रस्ता रुंद झाला," ते म्हणत, "तं बैलबंडी आडवी हाकलाची का?" मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना फोनवर सांगितलं, की आमच्याकडे रजेचा अर्ज उघडायलाच इतका वेळ लागतो की तोवर रजेची गरज संपते, आणि साहेब म्हणतात नवीन सर्व्हर घेऊ. सर म्हणाले, "मोठा हॉल घेतला म्हनून वरात लवकर येते का?" आणि फोन ठेवला. 'ठेवतो' असं ते कधी म्हणत नसत. ठेवला की कळतंच.

निरोपाचंही तसंच. सर कोणाला दारापर्यंत सोडायला आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. "जानारा जातेच," हे त्यांचं म्हणणं. बसची वाटही ते पाहत नसत. गाडी स्टँडमधून हलली की बरोबर तेव्हाच कोपऱ्यावर उगवत आणि चालत्या गाडीत चढत. हा हिशेब चुकला की मग सायकल. एकदा देवरीला लग्नाला जायची बस अशीच चुकली आणि सर सायकलवर निघाले. पोहोचले तेव्हा नवरी सासरी गेली होती. पण थांबलो नाही, याचा त्यांना आनंदच होता.

एकदा मात्र त्यांना जरा मार बसला. वर्गाखाली, झेरॉक्सच्या दुकानासमोर, दुलीचंदची चहाची टपरी होती. सर रोज तिथे उभे राहायचे आणि रोज बेचैन व्हायचे, कारण दुलीचंद चहापत्ती घ्यायला डावीकडे वळायचा, साखरेला उजवीकडे, आणि गाळणी शोधायला टपरीच्या बाहेर यायचा. शेवटी सरांनी एका रविवारी त्याची टपरी लावून दिली. पत्ती, साखर, आलं, गाळणी, सगळं हाताशी, ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने. सोमवारपासून चहा असा भराभर व्हायला लागला की माणूस "एक कट" म्हणून बाकावर बसेपर्यंत ग्लास हातात. सर वर खिडकीतून पाहत आणि समाधानाने बटणं चाचपत, दोन्ही.

शनिवारी दुलीचंद वर आला. त्याचा चेहरा पडलेला.

"सर, माझी टपरी पह्यलेसारखी करून द्या."

"काऊन? चहा लवकर होऊन रायला ना?"

"तेच तं होऊन रायलं जी! लोक येतेत, पेतेत, जातेत. भजे कोनी खात नाइ. लोक चहासाठी थोडी येतेत? चहा व्हाची वाट पाहाले येतेत. तवापर्यंत दोन गोष्टी होतेत, एक प्लेट भजे होतेत."

सर उठले. खाली गेले आणि गाळणी त्यांनी स्वतःच्या हाताने टपरीच्या बाहेर नेऊन टांगली. हे त्यांना पटलं होतं असं मात्र मुळीच नाही. नंतर चार दिवस ते भज्यांकडे रागाने बघत होते.

आता खरी गोष्ट. ती सांगायची तर माझ्या ताईची सांगावी लागते.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. उंच. म्हणजे आमच्याकडे दारात उभी राहिली तर तोरण तिच्या कपाळाला लागतं. शिकलेली, शाळेत शिकवणारी, तोंडाने तिखट, आणि लग्न जमत नव्हतं. आमच्या समाजाचा दर जानेवारीत तिरोड्याला परिचय मेळावा भरतो. मुलामुलींचे फॉर्म येतात, त्यात आडनाव, उंची, शिक्षण, गाव, अपेक्षा. कोणाचं कोणाशी जमू शकेल याच्या जोड्या लावून यादी निघते, आणि मग घरची माणसं एकमेकांना शोधत मंडपभर फिरतात. समाजाचे सचिव बोपचे काका. त्यांचा पुतण्या पंकज नागपूरला नोकरी करायचा आणि घरातही गॉगल लावायचा. एका वर्षी काकांनी जाहीर केलं की यंदा जोड्या पंकजचा लॅपटॉप लावणार, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर.

लॅपटॉप खरंच फास्ट होता. पंकजने तो सुरू करताना माइकवर सांगितलं की असा अख्ख्या जिल्ह्यात नाही. पडद्यावर डावीकडून मुलाचा फोटो यायचा, उजवीकडून मुलीचा, दोघं मध्ये भेटले की वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, सनई वाजायची, आणि मग अक्षरं उमटायची, 'जुळत नाही.' पाकळ्या आधी, निकाल नंतर. पंकजने संगणकाला सांगितलं होतं की प्रत्येक मुलगा प्रत्येक मुलीसोबत तपास.

आमच्यात एका आडनावात सोयरीक होत नाही. बिसेनांची मुलगी बिसेनांत देत नाहीत, हे पाळण्यातलं पोरही जाणतं. पण लॅपटॉपला कोण सांगणार? त्याने आंबुल्यांपासून सुरुवात केली आणि आंबुल्यांचे आंबुल्यांशी फोटो आणून पाकळ्या टाकायला लागला. मंडपात आधी खसखस, मग कुजबुज. आणि मग पडद्यावर कटरे गुरुजींचा मुलगा डावीकडून आला, उजवीकडून त्याची सख्खी बहीण आली, आणि सनई वाजली.

कटरे गुरुजी खुर्चीवर उभे राहिले. "बंद करा ते!" कोणीतरी पडद्यावर उपरणं फेकलं. पंकज म्हणत होता, "थांबा ना, आता 'जुळत नाही' येतंच," आणि पाकळ्या पडतच होत्या. दोघं बहीणभाऊ मागच्या रांगेत तोंड लपवून हसत होते. उपरणं काढून काम पुन्हा सुरू झालं. जेवणं झाली. उन्हं कलली. मंडपवाला खुर्च्या उचलायला लागला तेव्हा गाडी अजून 'क'मध्येच होती. आमचं आडनाव पटले. ताई म्हणाली, "चल, माझा नंबर माझ्या नातवंडांच्या मेळाव्यात येईल."

सर मागे उभे होते. पंकज त्यांच्याजवळून जाताना म्हणाला, "मशीन फास्ट आहे सर, सगळं तपासू दिलं तं काय फरक पडते?" दुसऱ्या दिवशी सर बोपचे काकांच्या घरी गेले आणि पुढच्या वर्षीचं काम मागून आले. त्यांनी आयुष्यात मागितलेलं ते बहुधा एकच काम असेल. वर्गात तोवर चारच विद्यार्थी उरले होते, तेही उन्हाळ्यापुरते. सगळ्यांच्या खिशात फोन आला होता. सरांनी लिहिलेला एकही प्रोग्राम तेव्हा कुठे चालत नव्हता. हा एक चालणार होता.

पुढचा मेळावा आला. म्हातारी सायकलच्या कॅरिअरवर, दुपट्ट्यात बांधून मंडपात आली. सरांनी काय केलं असेल हे मला न बघता माहीत होतं. चाळणी, सूप, डोळा. एका आडनावाचे आधीच बाजूला. वय, उंची, गाव जमत नाही ते बाजूला. उरले तेवढेच एकमेकांसमोर. पाकळ्या नाहीत, सनई नाही.

बोपचे काका माइकवर म्हणाले, "तर मंडळी, आता आपले रहांगडाले सर जुळवणी सुरू करत आहेत, आपण सर्वांनी थोडा धीर..."

"झालं," सर म्हणाले.

काका थांबले. "काय झालं?"

"यादी."

प्रिंटर कुरकुर करून कागद बाहेर टाकत होता. मंडपात अशी शांतता पडली की आचारी कढई सोडून बाहेर बघायला आला. मग एक म्हातारे उठले. "एवढ्यात? अन माझ्या पोट्ट्याचा फॉर्म तं दोन पानांचा होता. वाचला तरी का त्यानं?"

"वाचला जी."

"पुन्हा करा."

सरांनी पुन्हा केलं. तीच यादी आली. त्याने तर जास्तच बिघडलं. "पाहा!" म्हातारे म्हणाले. "जशीच्या तशी! आधीच ठरवून आणली आहे!" मग जो तो बोलायला लागला. लग्नाचं आहे हे, काही भजे तळणं नव्हे. आमच्या पोरीचा विचार केला की नाही? मागच्या वर्षी दिवसभर तपासून राहिला होता बिचारा, चुकला असेल पण मेहनत तर केली. पंकज गॉगल पुसत हसत होता. यादी घ्यायला फार कोणी पुढे आलं नाही. नंतर तिचे द्रोण झाले.

बोपचे काका सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमचं बरोबर असेल. पण लोकांना पटायला पाहिजे ना? पुढच्या वर्षी ते जरा थांबवा. चार-पाच मिनिटं. 'जुळवणी सुरू आहे' असं काहीतरी दाखवा."

"काम झाल्यावर थांबाचं?" सरांनी विचारलं. "काहीच न करता? मशीननं?"

"नाहीतर पंकज आहेच."

"मंग पंकजच," सर म्हणाले आणि दुपट्ट्याची गाठ बांधायला लागले.

तेवढ्यात आई तिथे गेली. माझी आई कोणाशी भांडत नाही. तिच्या हातात यादीचा एक कागद होता. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नाही'. सरांनी 'जोड मिळाली नाही' एवढं लांब लिहिलं नव्हतं.

"सर," आई म्हणाली, "तीन वर्षं झाली मी येऊन रायली. नाही तं नाही, माझी तक्रार नाही जी. पन माझं पदर सावरनं नाइ झालं, तवा तुमच्या मशीननं नाही म्हनून टाकलं. उलसं थांबून तं नाही म्हना."

सर गाठ बांधता बांधता थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग तो कागद घेऊन त्या 'नाही'कडे पाहिलं. आणि आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण ते तसेच उभे राहिले, कितीतरी वेळ. आचाऱ्याने वाढलेलं ताट त्यांनी तसंच ठेवलं आणि म्हातारीला घेऊन गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आई घरी येऊन माझ्यासमोर रडली नाही, पण भाजीत दोनदा मीठ घातलं. ताईने ती भाजी काही न बोलता खाल्ली, तेव्हा मला कळलं की तिलाही लागलं आहे.

पुढच्या वर्षी म्हातारी थांबली.

सरांनी बोपचे काकांना आधी कळवलंसुद्धा नव्हतं. बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं, 'जुळवणी सुरू आहे.' एवढंच. चार मिनिटं. मंडपात काय बहार आली! बायांनी पिशव्यांतून चिवडा काढला. ज्यांची तोंडं दोन वर्षं एकमेकांकडे नव्हती ते बांधीच्या पाण्यावर बोलायला लागले. घरघंटीचा आवाज सुरू होता, आणि तो ऐकून गेल्या वर्षीचे ते म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "आता पाहा, कसा वाचून रायला!" सर पडद्याकडे पाठ करून बसले होते. मी जवळ गेले आणि जरा दुष्टपणाने म्हटलं, "काय सर, थांबवलं ना शेवटी?"

"हं," सर म्हणाले.

यादी निघाली. लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसादासारखी. ताईच्या नावापुढे एक नाव होतं. देवरीकडचे हरिणखेडे, तेही शाळेत शिक्षक. आई नाव वाचून खाली बसली. भाऊजींना आम्ही मंडपात शोधायला गेलो तर ते आम्हाला दिसेचनात, कारण ते एका मोठ्या कूलरच्या मागे उभे होते. ताईपेक्षा चांगले चार बोटं ठेंगणे. आईने भरलेल्या फॉर्मवर साफ लिहिलं होतं, 'मुलगा मुलीपेक्षा उंच असावा', जसं सगळ्याच आया लिहितात. ताईने भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी ताईकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या वर्गातला फळा वरपर्यंत पुसला जात असेल नाही? माझा अर्धाच राहतो." ताई हसली. तिचं हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं. लग्नात हार घालताना भाऊजींना पाटावर उभं केलं होतं. म्हातारीकडून काहीतरी चूक झाली आणि आपलं नशीब उघडलं, असं आमच्या घरात आजपर्यंत सगळे म्हणतात.

मेळाव्याची जुळवणी अजूनही तीच आहे. पंकज आता माइक धरतो.

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर आले होते तेव्हा सरांकडे गेले. वर्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली. सर चोरखमाऱ्याकडे गावीच राहतात. अंगणात खाटेवर बसले होते, शर्टाला दोन बटणं. "ये सात," म्हणाले. जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना नवा लॅपटॉप दिला होता. तो त्यांनी मला दाखवायला उघडला, आणि तो आपला स्वतःच काहीतरी नवीन उतरवून घेत पडद्यावर गोल चक्र फिरवत बसला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"लय फास्ट मशीन आहे, बाप्पा," सर म्हणाले. "थांबाले लावते, तेही फास्ट लावते."

मी म्हटलं, "सर, एक विचारू? ती चार मिनिटं. तुम्हाला लिहिताना फार त्रास झाला असेल ना, मशीनला रिकामं बसवायचा?"

"रिकामं?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पहिल्या दिवशी परातीपाशी पाहिलं होतं. "रिकामं कायले बसवू?"

लॅपटॉप जागा झाल्यावर त्यांनी तो प्रोग्राम उघडून माझ्यासमोर सरकवला. यादी पूर्वीसारखीच डोळ्याचं पातं लवायच्या आत होत होती. पण ती चार मिनिटं म्हातारी थांबत नव्हती. यादीत ज्यांच्यापुढे 'नाही' आलं, त्यांनाच ती पुन्हा घेऊन बसत होती. एक अट काढायची आणि सगळ्यांमधून फिरून यायचं. नाहीच जमलं तर तिच्यासोबत दुसरीही काढायची, पुन्हा फिरायचं. प्रत्येक ठिकाणी सरांनी मशीनला शिकवल्यासारखं एकेक वाक्य लिहून ठेवलं होतं. गाव काढायच्या जागी होतं, 'देवरी काय परदेश आहे?' त्याच्या खाली होतं, 'उंची काढ. जावयाले काय पंखे पुसाले लावाचे आहेत?'

मी ते दोनदा वाचलं. मला हसू आलं, आणि मग माझे डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम लपवता येईनात. ताईकडचे पंखे खरंच ताईच पुसते.

"सुरुवातीले चार मिनिटं पुरतच नव्हती," सर सांगत होते. "नाहीवाले पाच-सहाच होऊन रायले होते. मंग प्रोग्राममधलं जुनं अजून छाटलं. अजून छाटलं. मंग सारे बसले."

"पण सर, तुम्ही कोणाला सांगितलं का नाही? माझ्या आईला तरी?"

"कोनी इचारलं नाइ."

मी निघाले तेव्हा सर उठले. मला वाटलं आत जातील. पण त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि माझ्यासोबत चालायला लागले. फाटा गावापासून चांगला लांब आहे. तिरोड्याची बस यायला वेळ होता. पिशवीत वालासारख्या पोपटाच्या शेंगा होत्या. फाट्यावर उभं राहून सर शेंगा सोलायला लागले. दाणे एका खिशात, टरफलं पिशवीत, हात एकदाही उगाच हलत नव्हता.

"थांबाचंच आहे," ते म्हणाले, आणि अर्ध्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या.

बस आली. मी चढले, मागच्या खिडकीपाशी बसले. बस तिथेच उभी राहिली, कंडक्टर कोणाची तरी तांदळाची पोती वर चढवून घेत होता. मी खिडकीतून सरांकडे पाहत होते. त्यांनी शेवटची शेंग सोलली, टरफलं रस्त्याच्या कडेला झाडाखाली ओतली, पिशवी झटकली आणि घडी करून खिशात घातली. आता वळतील, मला वाटलं. बस सुरू झाली. मी हात केला. सरांच्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि ते तसेच रिकाम्या हातांनी, वाऱ्यावर बनियन दाखवत, वळणापर्यंत मला दिसत उभे होते.